शॉटगननं कायोटीची शिकार: छर्रे, चोक, चाळीस यार्ड आणि कॅलिफोर्नियाचा शिशाचा नियम

कायोटी म्हणजे आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा अंगानं थोडा मोठा आणि लांडग्यापेक्षा बराच लहान, कॅलिफोर्नियातला साधारण ९ ते १४ किलोचा, आणि डोक्यानं दोघांनाही मागं टाकेल असा प्राणी. सिएरा नेवाडा डोंगरांच्या पायथ्याशी माझ्या एका मित्राच्या मेंढ्या आहेत, दर वसंतात कोकरं व्हायला लागली की कायोटी कुंपणाभोवती फिरायला लागतात आणि मग तो मला फोन करतो. मी बंदूक शिकलो ती तिथंच. रायफल चांगलीच, पण त्याच्या जमिनीत ओढे, घळी, ओकची झाडं आणि माणूसभर उंच झुडपं आहेत, कायोटी दिसतो तेव्हा तो वीस-तीस यार्डांवर असतो आणि पळत असतो, तिथं एका बारात छर्ऱ्यांचा थवा सोडणारी शॉटगनच लागते. तर शॉटगन कशी निवडायची, छर्रे कुठले, कायदा काय म्हणतो, बसायचं कुठं आणि बार कधी काढायचा हे मला जसं कळलं तसं लिहितोय. सगळं कॅलिफोर्निया धरून लिहिलंय कारण काडतुसांचे नियम इथं सगळ्यात कडक आहेत, इथलं जमलं तर दुसरीकडचं सोपं वाटतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कोल्हा-लांडग्याची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळं यातलं काहीही तिकडं कुणी करून बघायचं नाही.

आधी कागदपत्रं, त्यातही व्हिसा

आपली बरीच मंडळी एच-वन-बी नाहीतर एफ-वन वर असतात आणि ऑफिसातला कुणीतरी म्हणतो चल रे वीकेंडला शिकारीला, आणि आपण निघतो. थांबा. फेडरल कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. याला अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. वैध म्हणजे त्या दिवशी चालू असलेलं. कॅलिफोर्नियाचं लायसन्स १ जुलै ते ३० जून असं चालतं, म्हणजे ३० जूनला ते संपलं आणि तुम्ही नवीन काढलं नाही तर कपाटातली बंदूक १ जुलैला बेकायदा झाली, शिकारीला जा नाहीतर न जा. माझ्या ओळखीतल्या एकाला हे चार वर्षांनी कळलं, बिचाऱ्याची झोप उडाली. यात शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, पैसे गेले तर गेले, इथं चूक झाली तर व्हिसाच जातो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

लायसन्स काढायला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, वय कितीही असो. तो मनापासून करा, त्यात कुंपण ओलांडताना बंदूक कशी द्यायची-घ्यायची, दोघं चालत असताना नळी कुठल्या दिशेला ठेवायची असल्या ज्या साध्या गोष्टी शिकवतात त्यांनीच माणसं वाचतात. टेक्ससमध्ये ही अट २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे, म्हणजे आपल्यापैकी जवळपास सगळ्यांना. मग बंदूक विकत घ्यायची तर कॅलिफोर्नियात फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेटची छोटी परीक्षा आणि १० दिवस थांबणं. काडतुसं घेतानाही दुकानात ओळखपत्र आणि तपासणी लागते, ऑनलाइन मागवली तरी ती लायसन्सवाल्या दुकानातूनच उचलायची. यावर कोर्टात भांडण चालू आहे, त्यामुळं घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला विचारून घ्या.

कायोटीला इथं बंद सीझन नाही आणि किती मारायचे याची मर्यादाही नाही, वर्षभर चालतं. म्हणून लोक सैल होतात. पण लायसन्स लागतंच, कुंपण असलेल्या, पेरलेल्या किंवा पाटी लावलेल्या खाजगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी खिशात लागते, वस्ती असलेल्या घरापासून १५० यार्डांच्या आत घरमालकाच्या परवानगीशिवाय बार काढता येत नाही, रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या पलीकडं गोळी घालता येत नाही आणि सार्वजनिक रस्त्यावर गाडीत भरलेली शॉटगन ठेवता येत नाही. कुणी जास्त मारले म्हणून बक्षीस द्यायच्या ज्या स्पर्धा व्हायच्या त्यांच्यावर २०१४ मध्ये इथल्या फिश अँड गेम कमिशननं बंदी आणली, आणि ते बरंच झालं. रात्रीच्या शिकारीचे नियम भागाभागात वेगळे आहेत, मी रात्री जात नाही आणि नवीन माणसानं जाऊही नये, म्हणून पुढचं सगळं दिवसाचं समजा, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत.

शिशाचा नियम, आणि तो का आहे

१ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात कुठलाही वन्यप्राणी बंदुकीनं मारायचा असेल तर शिसं नसलेलंच काडतूस लागतं. डुक्कर असो, हरीण असो, कायोटी असो. २०१३ मध्ये कायदा झाला आणि टप्प्याटप्प्यानं लागू होत २०१९ ला पूर्ण झाला. छर्ऱ्यात शिसं वजनाच्या १ टक्क्याहून जास्त चालत नाही.

बरेच शिकारी याच्यावर चिडतात. मीही सुरुवातीला चिडलो होतो कारण शिशाचं काडतूस स्वस्त आणि मारतं पण छान. मग मी कॅलिफोर्निया काँडॉरबद्दल वाचलं. साडेनऊ फूट पंखांचा पक्षी, १९८२ साली जगात फक्त २२ उरले होते, १९८७ मध्ये रानातला शेवटचा पकडून पिंजऱ्यात नेला, तेव्हा एकूण २७ होते. तिथून पैदास करून १९९२ पासून परत सोडायला लागले आणि सोडलेले पक्षी मरायला लागले, मुख्य कारण शिशाची विषबाधा. काँडॉर गिधाडासारखा मेलेल्यावरच जगतो. शिकाऱ्यानं हरणाची आतडी तिथंच टाकली, कायोटी मारून झुडपात सोडला, त्यात शिशाचे बारीक तुकडे, ते पक्ष्याच्या पोटात. म्हणून आधी २००७ चा कायदा आला, तो २००८ पासून फक्त काँडॉरच्या भागात लागू होता, आणि मग सगळ्या राज्यात. आपल्याकडं जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक औषधानं गिधाडं संपली ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कायोटी तर बहुतेक लोक खात नाहीत, तो रानातच राहतो, म्हणजे आपल्या बंदुकीतलं जे काही आहे ते कुणीतरी खाणारच आहे.

आता दुकानात फसायच्या जागा. पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे कॉपर-प्लेटेड. डब्यावर तांब्याच्या रंगाचे चकचकीत छर्रे दाखवलेले असतात आणि आपल्याला वाटतं हे तांब्याचं. ते तांब्याचा मुलामा दिलेलं शिसं असतं! निकेल-प्लेटेडचंही तेच. मी पहिल्या वर्षी असला डबा घेऊन आलो होतो, मित्रानं गाडीत बघितला म्हणून वाचलो. डब्यावर स्टील, बिस्मथ, टंगस्टन किंवा नॉन-टॉक्सिक असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, आणि काडतुसं त्याच डब्यात ठेवून न्या म्हणजे वॉर्डननं (शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं) विचारलं तर दाखवता येतं. दुसरी जागा म्हणजे बकशॉट, म्हणजे हरणासाठीचे मोठे छर्रे. दुकानात मिळणारं नेहमीचं डबल-ऑट किंवा नंबर ४ बकशॉट जवळपास सगळं शिशाचं असतं, बाकीच्या राज्यात कायोटीसाठी लोक तेच वापरतात, इथं चालत नाही. तिसरी, शिकार करताना शिशाचं काडतूस आणि ते ज्यात चालेल अशी बंदूक दोन्ही जवळ असणंही गुन्हाच आहे, तुम्ही ते झाडलं नाही तरी. म्हणजे रेंजवर सरावाला शिसं वापरलं (ते चालतं) आणि दोन काडतुसं जॅकेटच्या खिशात राहिली तर अडकलात. माझं जॅकेट वेगळं आणि रेंजची पिशवी वेगळी, कधीच एकत्र करत नाही.

राहिला काडतुसांचा आकडा. इथं सस्तन प्राणी किंवा पक्षी मारायला सहापेक्षा जास्त काडतुसं मावणारी किंवा १० गेजपेक्षा मोठी शॉटगन चालत नाही (गेज म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा लहान तितकं भोक मोठं). बदकांसाठीचा तीन काडतुसांचा फेडरल नियम कायोटीला लागू नाही, पण बदकांसाठी तीनच काडतुसं मावावीत म्हणून बंदुकीत घालतात तो प्लग मी काढतच नाही, तीन पुरतात. तिसऱ्या बारापर्यंत कायोटी टप्प्याबाहेर गेलेला असतो.

बाहेरच्या राज्यांचं थोडक्यात: टेक्ससमध्ये शिसं चालतं आणि सीझनही वर्षभर, न्यूयॉर्कमध्ये सीझन १ ऑक्टोबर ते मार्चचा शेवटचा रविवार. काही राज्यांत छर्ऱ्याचा जास्तीत जास्त आकार ठरवलेला असतो, काही ठिकाणी हरणाच्या सीझनमध्ये बकशॉट जवळ ठेवण्यावर बंधन असतं, आणि फेडरल वाइल्डलाइफ रेफ्यूजवर (केंद्र सरकारच्या अभयारण्यात) राज्यात शिसं चालत असलं तरी नॉन-टॉक्सिकची अट असू शकते. ज्या राज्यात जाल त्याचं त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक डाउनलोड करा, मागच्या वर्षीचं नको.

बंदूक

यावर लोक तासन्‌तास बोलतात, माझं म्हणणं दोन ओळींचं आहे. १२ गेज, ३ इंची चेंबर (काडतूस बसतं ती जागा), पंप (हातानं पुढचं काडतूस चढवायची) किंवा सेमी-ऑटो (आपोआप चढवणारी), २४ ते २८ इंच नळी, आणि बदलता येणारे चोक (त्यांच्याबद्दल पुढं). बदकांची किंवा टर्कीची बंदूक असेल तर नवीन घ्यायची गरज नाही. साडेतीन इंची चेंबर असेल तर छान, नसेल तर अडत नाही, खांद्याला मार मात्र जास्त बसतो आणि त्या भीतीनं माणूस ट्रिगर ओढताना डोळे मिटतो. २० गेजनंही काम होतं पण टप्पा अजून कमी धरा.

नळीवर काय छापलंय ते वाचा. पावणेतीन इंची चेंबरमध्ये ३ इंची काडतूस झाडायच्या आधी आरामात बसतं, आणि तिथंच धोका आहे, कारण फुटल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि आतला दाब वाढतो. आणि १२ आणि २० गेज घरात दोन्ही असतील तर खिसे तपासा: २० चं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढं अडकतं, वरून १२ चं भरलं आणि ट्रिगर ओढला की नळी फुटते. २० ची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. खूप जुनी बंदूक असेल, कुणाच्या आजोबांची वगैरे, तर त्यात स्टीलचे छर्रे अजिबात घालू नका, नळी त्यासाठी बनवलेली नसते.

छर्रे आणि चोक

शिसं का मारतं? जड असतं म्हणून. त्याची घनता ११ च्या वर, स्टीलची ७.८ च्या आसपास, बिस्मथची ९.६, टंगस्टनच्या मिश्रधातूंची १२ किंवा वर आणि टी-एस-एस नावाच्या टंगस्टनची १८. हलका छर्रा हवेत लवकर दम सोडतो. म्हणून स्टील वापरायचं तर छर्रा मोठा घ्यायचा आणि अंतर कमी ठेवायचं, एवढा साधा हिशोब आहे.

आकार असे: बीबी ०.१८ इंच, बीबीबी ०.१९, टी ०.२०, नंबर ४ बक ०.२४, डबल-ऑट बक ०.३३. बदकांचे स्टीलचे २ आणि ४ नंबरचे छर्रे कायोटीला नकोत, कातडीत अडकतात, जखम करतात, मारत नाहीत. स्टीलमध्ये मी बीबीबी किंवा टी वापरतो, ३ इंची काडतूस, सव्वा औंस, वेग सेकंदाला १,४०० फुटांच्या वर. टी चे एका औंसात साधारण ५३ छर्रे बसतात म्हणजे सव्वा औंसात साठ-पासष्ट, बीबी चे नव्वदच्या घरात. मोठा छर्रा घेतला की आत शिरतो खोल पण संख्या घटते आणि पॅटर्नमध्ये, म्हणजे छर्ऱ्यांच्या पसाऱ्यात, मोकळ्या जागा राहतात, लहान घेतला की उलटं. दोन्हीचा मेळ टी च्या आसपास बसतो असं माझं मत. स्टील-टी चा माझा टप्पा ३५ यार्ड.

टंगस्टन महाग आहे, एकेका काडतुसाला काही डॉलर पडतात, पण कायोटीला दिवसात दोन-तीनच बार काढायचे असतात. हेवी-शॉटचं कायोटीसाठीच बनवलेलं काडतूस आहे, टी आकाराचे जड छर्रे, ते ४५ पर्यंत मी विश्वासानं मारतो आणि माझ्या बंदुकीत ते ५० वरही कागदावर बरं दिसतं. बिस्मथ मध्ये कुठंतरी, आणि जुन्या नळीला ते सौम्य.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला बारीक गळा, त्यानं छर्ऱ्यांचा थवा आवळला जातो. इथं नवीन लोक हमखास चुकतात: जितका घट्ट तितका चांगला असं समजून टर्कीचा एक्स्ट्रा-फुल, म्हणजे सगळ्यात घट्ट चोक, लावतात. मोठे आणि कडक छर्रे घट्ट चोकमधून जाताना एकमेकांवर आपटतात आणि बाहेर पडल्यावर विस्कटतात, आणि स्टील असेल तर चोक किंवा नळी खराब होऊ शकते. स्टीलला मॉडिफाइड, म्हणजे मध्यम घट्ट चोक लावा, शिशाला फुल चोक जसा आवळतो तसा तो स्टीलला आवळतो. टंगस्टनला त्याच काडतुसासाठी बनवलेला चोक मिळतो, त्यावर काय चालतं ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर घालू नका.

कागदावर पॅटर्न बघणं

ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात आणि जखमी कायोटी यातूनच होतात, म्हणून जरा लांब लिहितो.

मोठा ब्राउन पेपर घ्या, तीन फूट बाय तीन फूट तरी. मधे मार्करनं टिंब. रेंजवर जा (जिथं शिकार चालते तिथं कागदावर सराव चालेलच असं नाही, विचारून घ्या), रेंजफाइंडरनं अंतर मोजा, पावलांनी नको, आपलं पाऊल यार्डाचं नसतं. बसून, टेकून, टिंबावर नेम धरून एक बार. २० यार्डांवर, मग ३०, मग ४०. प्रत्येक अंतरावर तीन कागद, कारण एका कागदावर नशीब असतं.

आता घरी कागद पसरा. कायोटीचं हृदय-फुप्फुस म्हणजे साधारण ६ ते ८ इंचाची जागा, नाश्त्याच्या ताटलीएवढी. केस बघून फसू नका, हिवाळ्यात तो फुगलेला दिसतो, आत अंग बारीकच. जाड पुठ्ठ्याची ८ इंची चकती कापा आणि ती कागदावर नेमाच्या टिंबाच्या आजूबाजूला सरकवत बघा, कुठंही ठेवली तरी आत पाच-सहा भोकं दिसतात का. दिसतात तोवर तो तुमचा टप्पा. एखाद्या ठिकाणी चकतीत दोनच भोकं आली तर त्या अंतरावर कायोटी जखमी होऊन जाणार, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. आणि थव्याचा मध्य टिंबावर आहे का तेही बघा, माझी बंदूक सहा इंच वर मारत होती आणि मला दोन वर्षं पत्ता नव्हता! आता वर छोटा रेड-डॉट (लाल ठिपका दाखवणारं नेमाचं साधन) लावलाय, तो बरोबर जुळवता येतो.

जे अंतर येईल ते टेपवर लिहून बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवा. माझ्या दस्त्यावर "स्टील ३५, टंगस्टन ४५" असं लिहिलंय. कारण कायोटी समोर उभा राहिला की छाती धडधडते आणि ५५ यार्ड ४० वाटायला लागतात. तिसऱ्या वर्षी मी तेच केलं, स्टील होतं, लांब होता, मारला. तो ओरडला, मागचे पाय ओढत झुडपात गेला. मी आणि मित्र दोन तास त्या घळीत माग काढत होतो, रक्ताचे थेंब होते, मग ते पण थांबले. सापडला नाही. ते ओरडणं मला अजून ऐकू येतं आणि मला ते विसरायचंही नाही.

जागा आणि वारा

कायोटी नाकानं जगतो. आपण सशाच्या विव्हळण्यासारखा आवाज (कॉल) लावून त्याला बोलावतो, पण तो ऐकून कायोटी सरळ तुमच्याकडं येत नाही, लांबून वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो, तिथून वास घेतो आणि मगच ठरवतो. रायफलवाला यावर दोनशे यार्डांवरून उत्तर काढतो, आपल्याला ते शक्य नाही. म्हणून जागा अशी निवडा की वाऱ्याच्या खालच्या बाजूला जी वाट तो घेणार ती तुमच्यापासून तीस-पस्तीस यार्डांच्या आतून जाते आणि उघडी आहे. एका बाजूला ओढ्याची झाडी आणि दुसऱ्या बाजूला मोकळं गवत असेल तर कायोटी झाडीच्या कडेनं येतो, तिथं नेम. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा, दाबली की वारा कुठं जातोय ते दिसतं. वारा तुमच्याकडून झाडीकडं जात असेल तर उठा आणि दुसरीकडं जा, वास लागला की संपलं.

रिमोटचा इलेक्ट्रॉनिक कॉल इथं कायोटीसाठी चालतो (बाकी बऱ्याच प्राण्यांना नाही). तो माझ्यापासून वीस-पंचवीस यार्डांवर, वाऱ्याच्या आडव्या दिशेला ठेवतो. कायोटीचं लक्ष तिकडं राहतं, माझ्याकडं नाही, आणि त्याच्यापाशी पोचताना तो माझ्या टप्प्यातून जातो. तोंडानं वाजवायचा कॉल स्वस्त आणि छान पण मग आवाज तुमच्यातूनच येतो, तो थेट तुमच्याकडं बघत येतो.

बसताना पाठीमागं झुडूप किंवा झाडाचं खोड, पुढं उघडं. पुढच्या आडोशापेक्षा पाठचा आडोसा महत्त्वाचा, आकृती मोडली की पुरे. सूर्य पाठीशी. तोंडाला जाळी आणि हातात मोजे, कारण हललेला पांढरा हात तो लांबून पकडतो. बसायच्या आधी बंदूक कुठून कुठपर्यंत फिरवता येते ते करून बघा, मधे फांदी येत असेल तर तोडा. गुडघ्यावर बंदूक, दस्ता खांद्याजवळ, बोट ट्रिगरच्या बाहेर, सेफ्टी लावलेली. गाडी तिथून लांब लावा आणि दार आपटू नका, साधं आहे पण लोक आपटतात.

बरोबर दुसरा माणूस असेल तर दोघांनी शेजारी, खांद्याला खांदा लावून बसा आणि बाजू वाटून घ्या, डावीकडचं तुझं उजवीकडचं माझं. समोरासमोर बसायचं नाही, कधीच. इथं फ्लोरोसंट नारिंगी घालायची सक्ती नाही पण येताना-जाताना मी घालतो.

कॉल, ओळख आणि बार

सुरुवात हळू आवाजात. सशाचं विव्हळणं, एक-दोन मिनिटं, मग थोडं थांबणं, मग जरा मोठ्यानं. पहिल्या मिनिटाला मोठ्यानं लावलं तर शंभर यार्डांवर झोपलेला कायोटी पळून जातो. दाट झाडीत पंधरा-वीस मिनिटं बसा, तेवढ्यात नाही आला तर अर्धा मैल पुढं. जानेवारी ते मार्च त्यांचा मिलनाचा काळ, तेव्हा आरोळीला येतात. वसंतात पिल्लाच्या ओरडण्याला येतात, ते मी वापरत नाही, पिल्लं बिळात असताना आईला असं बोलवणं मला पटत नाही, कोकरं खरंच जात असतील तर गोष्ट वेगळी.

आता ओळख. कॉलला फक्त कायोटी येत नाही. कॅलिफोर्नियात लांडगे परत आलेत, २०११ च्या डिसेंबरमध्ये ओरेगॉनमधून पहिला आला आणि आता कळप आहेत, उत्तरेत आणि दक्षिणेला टुलारीपर्यंत. ते पूर्ण संरक्षित आहेत आणि "मला कायोटी वाटला" हे कुणी ऐकून घेणार नाही. लांडगा दुप्पट-तिप्पट वजनाचा, थोराड तोंडाचा, कान त्यामानानं छोटे आणि गोलसर. कायोटीचे कान मोठे टोकदार, तोंड निमुळतं, पळताना शेपटी खाली. सॅन वाकीन खोऱ्यात आणि कॅरिझो प्लेनकडं किट फॉक्स आहे, मांजराएवढा, जेमतेम सव्वादोन किलोचा, तो धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. ग्रे फॉक्सच्या शेपटीवर काळा पट्टा असतो, त्याचे नियम वेगळे. रँचची कुत्री सुटलेली असतात. आणि माउंटन लायन (प्यूमा), तो तर येतोच, सशाचा आवाज त्यालाही आवडतो आणि तो मागून येतो. मी दोनदा पाहिलाय. दिसला तर उभे राहा, मोठे दिसा, जोरात बोला, त्याच्याकडं पाठ करून पळू नका आणि हळूहळू मागं सरका.

कायोटी आला, ओळख पटली, टप्प्यात आहे. त्याच्या मागं काय आहे? मेंढ्या, मित्राचा ट्रक, रस्ता? शॉटगनचे छर्रे लांब जात नाहीत हा गैरसमज आहे, शिशाचा डबल-ऑट ६०० यार्डांच्या पुढंही जाऊ शकतो आणि टी चा छर्राही काही शे यार्ड जातो. टेकाडाच्या माथ्यावर उभा असेल तर सोडून द्या.

बंदूक तो झाडाआड असताना उचला. चालत असेल तर तोंडानं हळूच "वूफ" करा, तो क्षणभर थांबतो. नेम पुढच्या पायाच्या मागं, समोरून येत असेल तर छातीच्या मध्यावर. मागून कधीच नाही. पडला तरी बंदूक खाली आणू नका, दुसरं काडतूस चढवा, उठायची हालचाल दिसली तर लगेच दुसरा बार, काडतूस वाचवायची ही वेळ नाही. कॉल चालूच ठेवा, जोडीदार बऱ्याचदा मागंच असतो. पाच मिनिटं बसून मग सेफ्टी लावून जा, मागच्या बाजूनं जा, तो मेलाय ना हे बघायला काठीनं डोळ्याला स्पर्श करा.

नंतर

हातमोजे घालूनच हात लावा, पिसवा आणि गोचिडी असतात, खरूज झालेली जनावरंही बरीच दिसतात. कातडी काढायची असेल तर थंडीतली चांगली, उन्हाळ्यातली काही कामाची नाही. मेलेलं जनावर रस्त्याकडेला किंवा ओढ्यात टाकायचं नाही, मालकाला विचारून लांब नेऊन ठेवा किंवा पुरा. एकदा आम्ही टेकडीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर टर्की व्हल्चर बसलेले होते, सहा-सात, आत शिसं नव्हतं त्यामुळं बघताना बरं वाटलं. रिकामी नळकांडी उचलून आणा, मेंढ्या ती चघळतात.

गाडीपाशी आल्यावर नळी रिकामी आहे ना हे दोघांनी बघायचं, एकानं नाही. मग घरी येऊन बंदूक पुसायची, चोक काढून त्याचे आटे साफ करून थोडं तेल लावून परत बसवायचा, स्टील वापरलं असेल तर चोक जाम होतो.

शेवटचं काम कपड्यांचं आणि पिशव्यांचं. शिकारीची सॅक प्रवासाला कधीही वापरू नका. डिसेंबरात मुंबईला जाताना घाईत तीच सॅक उचलली आणि तळाच्या कप्प्यात एक काडतूस राहिलं, तर परतीच्या वेळी मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये ते दिसणार आणि भारतात लायसन्सशिवाय काडतूस जवळ असणं हा आर्म्स ॲक्टचा गुन्हा आहे, विमान जातं आणि पोलीस स्टेशन सुरू होतं. रिकाम्या नळकांड्यावरूनही चौकशी होते. मी सॅकला लाल रिबन बांधून ती गॅरेजमध्ये खिळ्याला टांगतो, घरच्यांनाही सांगून ठेवलंय की लाल रिबनवालीत कपडे भरायचे नाहीत.